बिनधुराची चूल आणि माझा अंगठा

लोकांना वस्तू निवडून देणं हा माझा धंदा आहे. बालाघाटच्या बाजारात माझं विजेच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. पंखा, मिक्सर, गिझर यांतलं काय कुणाच्या घरी शोभेल हे मी गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ओळखतो. निदान तसं त्याला सांगतो. मिक्सर मागायला आलेल्या माणसाला मी आधी त्याच्या घरच्या चटणीबद्दल विचारतो, गंभीरपणे मान हलवतो, आणि दुकानात सगळ्यात जास्त काळ पडून असलेला मिक्सर त्याच्या चटणीसाठीच जन्माला आला होता हे त्याला पटवून देतो. अशा माणसाला स्वतःच्या घरासाठी साधी एक चूल निवडताना घाम फुटावा, याचं मला नवल वाटतं. बायकोला वाटत नाही.

चूल बायकोसाठीच हवी होती. ती गोंदियाकडची. तिच्या माहेरी लांब पोळी करतात आणि तिचा त्यात हातखंडा आहे. ज्यांनी ही पोळी पाहिली नाही त्यांना सांगतो. जाळावर मातीचं मडकं पालथं घालायचं. कणीक इतकी सैल भिजवायची की ती परातीत बसत नाही, पसरते. तिला आपटून आपटून तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि ओलं धोतर वाळत टाकावं तसा त्या तापल्या मडक्यावर अलगद सोडायचा. पाहता पाहता भाजते. मग रुमालासारखी घडी घालायची आणि झणझणीत रश्शाबरोबर खायची. खाणारा दुसरी मागतो. मीसुद्धा.

ही पोळी गॅसवर होत नाही. गॅसची आच मडक्याच्या एकाच ठिकाणी लागते; मधे करपतं, कडा कच्च्या राहतात आणि एखाद्या दिवशी मडकं तडकतं. मडक्याला चहूबाजूंनी कवेत घेणारा जाळ लागतो आणि तो लाकडाचाच.

आमच्या कॉलनीत बहुतेक मंडळी हिंदी बोलणारी. लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं बायको तिथे नुसती 'दुकानवाले की घरवाली' होती. हिंदी बोलताना अडखळायची, म्हणून बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहायची. मग एका हळदीकुंकवाला तिनं लांब पोळी केली आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'पोळीवाली भाभी' झाली. रविवारी अंगणात चूल पेटली की भिंतीवरून रिकामे डबे यायचे. आता घोळका तिच्याभोवती असायचा आणि ती त्यांना हिंदीत दटावायची. तेही चुकीच्या हिंदीत, पण काय आवाज!

घोटाळा धुराचा झाला. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचा धूर वर जातच नाही. धुकं त्याला दाबून धरतं आणि तो कॉलनीत घराघरांचा पाहुणचार घेत फिरतो. आमच्या चुलीचा धूर पहिला मुक्काम करायचा तो शेजारी, कॉलनीच्या समितीच्या अध्यक्षांकडे. त्यांच्या पत्नीला दमा. आणि गंमत अशी, की लांब पोळीची सगळ्यात मोठी भक्त तीच. खोकत खोकत खायची. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात दम्याचा पंप.

एके दिवशी समितीनं बैठक घेऊन ठरवलं, की आपली कॉलनी धूरमुक्त. पालापाचोळा जाळणं बंद, टायर जाळून शेकणं बंद, चूल बंद. बायको खाली मान घालून बसली होती. अध्यक्षांना ते पाहवलं नसावं. माणूस भला आहे.

"देखो भाऊ," ते मला म्हणाले, "हम पोळी के दुश्मन थोडी हैं. पण घरवालीची हालत तुम्ही पाहताच. आजकल बिनधुराच्या चुली मिळतात म्हणे. संक्रांतीनंतरच्या रविवारी समितीसमोर पेटवून दाखवा. धूर नाही निघाला तर चालू ठेवा. निघाला, तो फिर बंद."

"साहेब, निश्चिंत राहा," मी उभा राहून म्हणालो. "चूल मी निवडतो."

घरी येताना बायको म्हणाली, "तुमी कायले बोलले? मी निवडली असती ना."

"अवो, निवडनं माझा धंदा हाय."

"म्हनूनच भेव लागते," ती म्हणाली.

पहिला प्रयोग मी घरच्या मातीच्या चुलीवरच केला. पत्र्याचं धुराडं बनवून भिंतीतून बाहेर काढलं. आमच्या बाजूनं फार सुरेख दिसत होतं. पलीकडच्या बाजूला त्याचं तोंड नेमकं कुठे निघतं हे पाहायचं राहिलं. ते अध्यक्षांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर निघालं.

अध्यक्ष भिंतीवरून डोकावले. त्यांच्या चष्म्यावर काजळी होती. "भाऊ, पहले धुआँ घूम-फिर के आता था. आता कुरियरनं पाठवून राह्यले का?"

धुराडं उतरवलं. मग दुकानातला टेबलफॅन आणून चुलीच्या तोंडाशी लावला. त्यानं धूर गेला की नाही हे कळलंच नाही, कारण सगळी राख उडून समोर गहू निवडत बसलेल्या माझ्या आईवर गेली आणि पुढचा वेळ आईचं ऐकून घेण्यात गेला.

शेवटी कुणीतरी सांगितलं, की वारासिवनीला एक दुकानदार पत्र्याच्या बिनधुराच्या चुली विकतो. मी निघालो. बायकोनं दारात अडवलं आणि माझ्या हातात मडकं दिलं. काजळी कपड्यांना लागू नये म्हणून तिनं ते पांढऱ्या फडक्यात बांधलं होतं.

"हे कायले?"

"चुलीवर बसते का पाह्यजे ना. मडकं नाई बसलं त का तुमाले बसवू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. अडचण दुसरीच होती. त्या दिवशी मी पांढरा कुर्ता-पायजमा घातला होता. शिवाय डोक्यावरचे उरलेसुरले केस मी नुकतेच न्हाव्याकडून साफ करून घेतले होते. त्यामुळे मी तरुण दिसतो असा माझा समज होता. तर असा मी, गुळगुळीत डोक्याचा, पांढऱ्या कपड्यातला, हातात फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन बसमध्ये चढलो.

बस गच्च भरली होती. पण मी चढताच एकदम गप्प झाली. खिडकीजवळचा एक माणूस झटकन उठला. कंडक्टर, जो एरवी माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडतो, तो हळू आवाजात म्हणाला, "बैठो बाबूजी, आराम से."

मी बसलो. शेजारच्या म्हातारीनं मडक्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कोन गेलं, बाबू?"

तेव्हा मला उलगडा झाला. आता खरं सांगणं माझं कर्तव्य होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लोक दाराला लोंबकळत होते, आणि जागा खिडकीजवळची होती. मी नुसतं बाहेर पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

म्हातारीनं डोळे पुसले. मागच्या बाकावर माझं एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं, ते मला दिसलं नाही. त्याला मात्र मी दिसलो, सुस्काऱ्यासकट.

वारासिवनीच्या दुकानात मी एकेका चुलीवर मडकं पालथं घालून पाहिलं. एक चूल ते डोक्यावर ठेवल्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं घातलेल्या पैलवानासारखी दिसली. दुसऱ्या चुलीत ते आत घसरलं आणि निघेना. तिसरीवर मात्र असं बसलं, जणू माप घेऊन केली होती. ही चूल दुहेरी पत्र्याची होती. आतल्या पत्र्याला वरच्या कडेखाली बारीक भोकांची गोल रांग होती. दुकानदारानं वाळकी ढलपी टाकून पेटवून दाखवली. खरंच, धूर नाही. लाकूड जळतंय याचा पुरावा म्हणून फक्त जाळ.

"भाऊ, ये जो ऊपर के छेद हैं ना," दुकानदार सांगू लागला.

"मी स्वतः दुकानदार आहे," मी म्हणालो. "मिक्सरलासुद्धा भोकं असतात."

"वो ठीक है, पर इनका काम..."

मी त्याला मिक्सरच्या भोकांचं काम समजावून सांगितलं. मग गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे सांगितलं. मग त्याच्या दुकानाची पाटी उजव्या बाजूला का हवी हेही सांगितलं. त्यानं आणखी एकदा छेदांकडे बोट दाखवलं, पण मी थांबत नाही हे पाहून चहा मागवला. चूल बांधून देताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटकेची भावना होती, ती मी समाधानाची समजलो.

घरी पोचलो तर बैठकीत ते जुनं गिऱ्हाईक सहकुटुंब बसलेलं. दोघांचे चेहरे पांढरेफटक. समोर माझी आई चहाची बशी धरून बसली होती.

झालं होतं असं. बसमधला माझा अवतार पाहून त्यानं हिशेब केला होता, की घरात वयस्कर कोण, तर आई. दोघं दुखवट्याला आले. दार वाजवलं. आणि दार उघडलं आईनं.

"कोन मेलं बाप्पा?" त्यांची तोंडं पाहून आईनंच विचारलं होतं.

"कोनी नाई माय," गिऱ्हाईक कसंबसं म्हणालं. "तुमालेच भेटाले आलतो."

आईला आनंद झाला. एरवी तिला भेटायला मुद्दाम कोण येतं? तिनं त्यांना बसवून घेतलं आणि आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. ते दोघं निघून गेल्यावर माझ्याकडून सगळी हकीकत कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काहून रे, खिडकीजवळच्या जागेसाठी मले मारलं?"

त्या दिवसापासून मी पाणी मागितलं की आईचं उत्तर तयार असतं, "मी तर मेली ना, बाबू. घे तूच."

चूल मात्र आईला आवडली. ओसरीवर ठेवून तिनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "कोरी चूल पेटवत नाईत. लिपा लागन."

"आई, लोखंडाले माती कायले?" बायकोनं विचारलं.

"लोखंड असन. चूल तर हाय ना?"

बायको माती आणायला उठली. आमच्याकडे चूल म्हणजे सारवलेली चूल. आईनं आयुष्यभर रोज सकाळी तेच केलं होतं. तिनं माती भिजवली, शेण कालवलं, आणि त्या चकचकीत पत्र्याला बाहेरून असा लेप दिला, की वारासिवनीच्या दुकानदारानं आपली चूल ओळखली नसती. मग ती आतल्या बाजूला वळली आणि कडेखालच्या भोकांपाशी थबकली.

"हे भोकं कायचे?"

दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या. निवडणारा मी होतो. मला आता माहीत नाही म्हणून चालणार नव्हतं.

"यातून ऊब वाया जाते," मी ठामपणे म्हणालो. "हे कंपन्यावाले असेच. पत्रा वाचवाले भोकं पाडतात. बुजवून टाक."

"दुकानदारानं काई सांगतलं नाई का?" बायको म्हणाली.

"त्याले काय समजते? त्याले पाटी कुठं लावाव हेबी समजत नाई."

आईची बोटं आखडतात, म्हणून भोकं मीच बुजवली. मातीची एकेक गोळी केली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली. एकही सोडलं नाही. कामात मी फार नीट आहे. वर आईनं आतूनही लेप फिरवला आणि बाहेर हळदकुंकवाची बोटं ओढली. चूल रविवारपर्यंत सावलीत वाळू द्यायची, पहिला जाळ त्याच दिवशी, असं तिनं फर्मावलं. म्हणजे आधी पेटवून पाहण्याचा प्रश्नच उरला नाही.

शनिवारी बायको मडकं पुसत होती. म्हणाली, "उद्या धूर झाला त मी हे माळ्यावर ठेवीन. मंग पुन्हा काढ म्हनू नका. मी भिंतीपल्याडच्या बाईले खोकलवून पोळ्या नाई करनार." आणि मग, जरा थांबून, "पन होनार नाई ना?"

"अवो, मी निवडली हाय," मी म्हणालो. तिनं मडकं आणखी एकदा पुसलं.

रविवारी सकाळी धुकं होतं. अंगणात समिती खुर्च्या टाकून बसली. बाकीची कॉलनी भिंतीवर कोपरं टेकून उभी. अध्यक्षांच्या पत्नी लांब फाटकाशी, नाकावर ओढणी धरून. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती. पहाटे भिजवलेली कणीक परातीत तयार होती, मडकं चुलीवर पालथं घातलेलं होतं. मी चार शब्द बोललो. दुहेरी पत्रा, पूर्ण ज्वलन, आधुनिक तंत्र, असं काहीबाही. टाळ्या पडल्या. मग मी काडी ओढली.

आधी थोडा धूर आला. मग बराच आला. मग चूलच दिसेनाशी झाली. पिवळट, जाड, डोळ्यांत मिरची घालणारा धूर, आमच्या जुन्या चुलीनं उभ्या जन्मात केला नव्हता असा. तो वर गेला नाही. समितीकडे गेला.

"भाऊ, ये चूल है की इंजन?" धुरातून अध्यक्षांचा आवाज आला.

"नवी आहे साहेब. घसा साफ करून राह्यली."

भिंतीवर हशा पिकला. फाटकाशी मात्र खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि ती थांबेना. अध्यक्ष खुर्चीवरून उठले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तेच वाईट होतं. "भाभी," ते म्हणाले, "माफ करना. आता..."

"हौ," बायको म्हणाली.

एवढंच. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पदराचं टोक हाताला गुंडाळून ती वाकली आणि तिनं मडकं उचललं. ते आता माळ्यावर जाणार होतं, आणि त्याबरोबर रविवार, डबे, घोळका आणि तिची ती चुकीची, खणखणीत हिंदी. मला प्रथमच असं वाटलं, की जमिनीत एखादं भोक असावं आणि ते कुणी बुजवलेलं नसावं.

उचलताना मडक्याचा काठ आतल्या लेपाला घासला. तापून भेगाळलेल्या मातीचा एक पापुद्रा सुटला आणि खाली पडला. त्यामागचं एक भोक उघडं झालं. आणि त्या भोकातून जाळाची एक लहानशी जीभ आत आली. जणू आतून कुणी फुंकर घालत होतं. तेवढ्या जागेपुरता धूर फाटला.

बायको मडकं हातात धरून तशीच थांबली. पाहत राहिली. मग मडकं हलकेच खाली ठेवलं, उलथनं उचललं आणि कडेवर ठण्‌कन मारलं. आणखी एक पापुद्रा, आणखी एक जीभ. मग ती सुटलीच. ठण्‌ ठण्‌ ठण्‌! माती पडत होती आणि भोकांमागून भोकं श्वास घेत होती. आईनं समोरून काठीनं आतली माती टोचायला सुरुवात केली. मी मदतीला पुढे झालो.

"तुमी तितंच राहा!" बायको म्हणाली. मी तिथंच राहिलो.

रांग पूर्ण उघडली तशी जाळाची गोल माळ पेटली आणि धूर, कुणी कान धरून बाहेर काढावा तसा, गेला. अंगणात उरलं फक्त धुकं. बायकोनं मडकं पालथं घातलं, गोळा उचलला, हातांवर झेलला, लांबवला आणि सोडला. अध्यक्षांच्या पत्नी फाटकापासून दोन पावलं पुढे आल्या. मग आणखी थोड्या. मग स्टूल ओढून चुलीजवळच बसल्या. पहिली पोळी त्यांनाच मिळाली. त्यांनी ओढणी काढली, खोल श्वास घेऊन पाहिला, वाट पाहिली. खोकला आला नाही.

"भाभी," त्या म्हणाल्या, "एक और."

समितीनं ठराव करायला वेळ लावला, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. तेवढ्यात आईनं काठीनं राखेतून काहीतरी बाहेर ओढलं. एका भोकातली मातीची गोळी होती. जाळात भाजून विटेसारखी पक्की झालेली, आणि तिच्या तोंडावर एक अंगठा स्वच्छ उमटलेला. रेघन्‌ रेघ.

"हा कोनाचा?" आईनं विचारलं. तिला माहीत होतं. पण मेलेल्या माणसाला सूड घ्यायची संधी रोज मिळत नाही.

मी हात खिशात घातले.

"भाऊ," अध्यक्ष पोळी चावत म्हणाले, "जरा अंगूठा दिखाना."

ठराव एकमतानं मंजूर झाला. चूल चालेल. अट एकच, तीही बायकोनंच सुचवलेली: सारवण बाहेरून, फक्त आईच्या हातानं, आणि माझ्यापासून चूल किमान अंगणभर लांब.

ती गोळी बायकोनं धुऊन, पुसून माझ्या दुकानातल्या गल्ल्याजवळ आणून ठेवली. एखादं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, फार जुनी वस्तू आहे, वैनगंगेच्या काठी सापडली. ते आदरानं हातात घेऊन पाहतं. परवा एकानं त्याच आदराच्या भरात गिझर घेतला.

रविवारी मात्र दुकान बंद असतं आणि घरचा फोन मी उचलतो, कारण बायकोचे हात कणकेत असतात. पलीकडून कुणीतरी विचारतं, "पोळीवाली भाभी का घर है ना? आप कौन?"

"मी अंगठेवाला," मी म्हणतो. "डबा किती वाजता पाठवता?"